काड्यांचं कुंपण

हॅरोमध्ये आमच्या रस्त्यावर कुणी नवं घर घेतलं की महिन्याभरात तो माणूस माझ्याकडे येतो आणि विचारतो, "मागे हेज कुठलं लावू?" हेज म्हणजे झुडपांचं जिवंत कुंपण, आणि मला बागकामातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या स्वतःच्या मागच्या अंगणात फरशी आहे आणि फरशीवर कढीपत्त्याची एक कुंडी आहे. तीही थंडीची चाहूल लागली की घरात येऊन बसते. पण माझी बायको सगळ्यांना सांगत सुटते, "ह्यांना हेजमधलं फार कळतं." कळत काही नाही. मी फक्त काही वर्षं एका बाईंच्या घरी भाड्याने राहिलो आणि त्या बाईंनी हेज लावलं तेव्हा तिथे हजर होतो, एवढंच.

त्या वेळी कंपनीने मला बेसिंगस्टोकच्या उबदार ऑफिसमधून उचलून लीड्सच्या एका प्रोजेक्टवर टाकलं होतं. जागा शोधत होतो. मराठी मंडळातल्या एकाने सांगितलं की गावाबाहेर डोंगरावर एक नागपूरच्या डॉक्टरबाई एकट्या राहतात, वरची खोली भाड्याने देतात, शुक्रवारी थालीपीठ करतात. मग जरा थांबून म्हणाला, "पण त्या जरा ह्या आहेत." ह्या म्हणजे काय ते त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, कारण माझं मन थालीपीठापाशीच थांबलं होतं.

घर रस्त्याच्या अगदी शेवटी होतं. त्याच्यामागे बाग, बागेमागे मेंढ्यांचं कुरण आणि कुरणामागे नुसतं उघडं माळरान, थेट आभाळापर्यंत. मी बेल वाजवली. दार बोटभर उघडलं आणि फटीतून आवाज आला, "थांबा. मागचं दार बंद आहे का बघून येते." त्या घराचा हा पहिला नियम होता. पुढचं आणि मागचं दार एकाच वेळी उघडायचं नाही. मी एकदा विसरलो, तर माझ्या हातातली ऑफिसची कागदपत्रं दिवाणखान्यातून स्वयंपाकघरात आणि तिथून कुरणात गेली. मेंढ्यांनी त्यातली काही बघितली असतील. बाकी मिळाली नाहीत.

बाईंनी मला आत घेतलं आणि माझं मनगट धरलं. मला वाटलं, शेकहँड करताहेत. त्या नाडी बघत होत्या. "जोरात चालतेय," त्या म्हणाल्या. "चढ चढून आलात म्हणून की घाबरलात?" मी म्हटलं, रस्ता चढाचा आहे. "घाबरलात," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला गेल्या. पुढे कळलं की त्या जन्मभर भूल देण्याचं काम करत होत्या, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती आणि समोरच्याची नाडी बघितल्याशिवाय त्यांना माणूस भेटल्यासारखा वाटत नसे. पोस्टमन आपणहून हात पुढे करायचा.

त्या सगळ्यांना तुम्ही म्हणायच्या. माझ्याहून दुप्पट वयाच्या असून मला पाच वर्षांत कधी त्यांनी अरेतुरे केलं नाही. मी एकदा म्हटलं, "बाई, मला तू म्हणा ना." त्या म्हणाल्या, "सवय नाही. बेशुद्ध माणसालाही मी तुम्हीच म्हणायची. त्याला ऐकू येत नाही म्हणून काय झालं?" अपवाद फक्त त्यांच्या मुलीचा. तिला तू म्हणायच्या आणि बाकी सगळ्या जगाला दाखवलेली अदब तिच्यावर वसूल करायच्या.

बागेत बसायची त्यांना भारी हौस. वाऱ्याला ती मान्य नव्हती. बागेतली खुर्ची त्यांनी दोरीने पावसाच्या पाइपाला बांधून ठेवली होती, नाहीतर ती खाली दरीत गेली असती. त्या खुर्चीवर, गेलेल्या यजमानांचा जाड ओव्हरकोट घालून, कानटोपी ओढून, कपावर बशी उपडी ठेवून त्या चहा प्यायच्या. घोट घ्यायला बशी उचलली की चहावर लाटा उठायच्या. मी खिडकीतून बघायचो आणि मला हसू यायचं. एकदा त्यांनी वर बघितलं आणि ओरडून विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, छान वाटतंय. "खोटं बोलताय. मला इथूनही कळतं," त्या ओरडल्या. नाडी बघायला वीस फूट अंतर त्यांना फारसं नडत नसावं.

बागेच्या पश्चिमेला यजमानांनी लावलेलं लाकडी फळ्यांचं कुंपण होतं. यजमान इंजिनियर. घराला कंपाउंड हवंच आणि कंपाउंडला फट असता कामा नये असं मानणाऱ्यांतले. बाई म्हणायच्या, "ह्यांनी वाऱ्याच्या तोंडावर दार लावलं. वारा असं ऐकून घेतो होय?" आणि खरंच, फळ्यांवर आपटून वारा वर उडी मारायचा आणि कुंपणाच्या अलीकडे, नेमका बाईंच्या खुर्चीवर येऊन पडायचा.

मी राहायला आलो त्याच वर्षी ऑक्टोबरातल्या एका दुपारी ते कुंपण गेलं. बाई स्वयंपाकघरात खिडकीशी उभ्या राहून लसूण सोलत होत्या. तेवढ्यात फोन वाजला म्हणून हॉलमध्ये गेल्या. फोन त्यांच्या मुलीचा, अदितीचा, हॅरोहून. दोघी बोलत असतानाच कुंपणाची एक अख्खी फळी खिडकीतून आत आली आणि ओट्यावर आडवी झाली. अदितीने तो आवाज फोनवर ऐकला. मग बाईंच्या हातून फोन खाली पडला आणि तिला काहीच ऐकू येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या ट्रेनने अदिती हजर. ती इथेच जन्मलेली, एका शाळेत डेप्युटी हेड, दोन मुलं, नवरा सतत टूरवर. डोळ्यांखाली काळं. आल्या आल्या तिने आईला मिठी मारली आणि मग ओट्याजवळ जाऊन त्या फळीकडे बघत उभी राहिली.

"आई, आय हर्ड इट," ती म्हणाली. "मला वाटला तू गेली."

"मी हॉलमध्ये होते."

"बाय लक. हा घर तुला मारून टाकणार. हॅरोमध्ये माझ्या घरामागे ग्राउंड फ्लोअर फ्लॅट आहे. डॉक्टर जवळ आहे."

"मी डॉक्टर आहे."

"रिटायर्ड. आणि इथे तू काय करते? बागेत पण बसायला येत नाही तुला. चेअर बांधून ठेवते. व्हॉट इज द पॉइंट, आई?"

बाईंनी काचेचे तुकडे गोळा करायचं थांबवलं. मला वाटलं आता भडका उडणार. पण त्या शांतपणे म्हणाल्या, "हॅरोला मी अदितीची आई होऊन राहीन. मुलांची आजी होईन. दोन्ही मला आवडतं. पण इथे मी मी आहे गं. नोकरीत इतकी घरं बदलली, प्रत्येक घरातून मला रात्रीबेरात्री हॉस्पिटलातून कुणीतरी उठवून बोलावून नेलं. ह्या घरातून कधीच कुणी बोलावलं नाही. इथून मला जायचं नाही."

मग बाईंनी सौदा मांडला. "मला पाच हिवाळे दे. मी तिथे हेज लावते. त्यानंतर ये. आपण दोघी बाहेर बसून चहा पिऊ. नीट, माणसांसारख्या बसून. जमलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. नाही जमलं तर मी बॅग भरते आणि तुझ्यामागे येते, कुरकूर न करता."

"दोन," अदिती म्हणाली.

"दोन वर्षांत कोथिंबीर येते. हेज येत नाही."

चारावर मिटलं. अदितीने माझ्याकडे बोट दाखवलं. "तू विटनेस आहेस." मी मान डोलावली. घर विकलं गेलं तर खोलीबरोबर माझं थालीपीठही जाणार होतं, तेव्हा साक्षीदार म्हणून मी काही निःपक्षपाती नव्हतो.

सौद्याची बातमी शेजारच्या कीथकडे पोचायला वेळ लागला नाही. कीथ निवृत्त बसड्रायव्हर, कशातही मत असलेला आणि तिकडच्या रीतीने कुणालाही 'लव्ह' म्हणणारा. तो भिंतीवर कोपर टेकवून म्हणाला, "लॉरेल लावा, लव्ह. भराभरा वाढतं, बारा महिने हिरवंगार. माझ्या बहिणीकडे आहे." बाईंनी विचारलं, बहीण कुठे राहते. तो म्हणाला, सरेला, खाली उबदार दक्षिणेत. बाई म्हणाल्या, "सरेला मीसुद्धा बारा महिने हिरवीगार राहीन."

पण लॉरेल त्यांनी नाकारलं नाही. आणलं. त्याची एक कुंडी, एस्कलोनियाची एक, प्रिव्हेटची, होलीची, बीचची, हॉथॉर्नची, सगळ्यांची एकेक कुंडी आणून त्यांनी बागेच्या सर्वांत वाईट कोपऱ्यात, जिथे वारा माळावरून थेट येऊन आदळायचा, तिथे जमिनीत अर्धी पुरून ठेवली. अख्खा पहिला हिवाळा त्यांनी नुसतं बघण्यात घालवला. मी कपाळाला हात लावला. चारातला एक हिवाळा असा मोकळा सोडायचा म्हणजे काय. अदिती फोनवर म्हणायची, "वन गॉन, आई." बाई म्हणायच्या, "ऑपरेशनच्या आधी पेशंट बघायचा की नाही?"

त्यांचं म्हणणं असं की भूल देताना सगळी खुबी आधीच्या तपासणीत असते. "आमच्याकडे पैलवान यायचे," त्या मला सांगत. "छाती ही एवढी. टेबलावर घेतलं की ब्लडप्रेशर कोसळायचं. आणि नव्वदीची आजी यायची, हाडांचा सापळा, वाटायचं हिला झोपवलं की संपलं. दोन तासांनी डोळे उघडून विचारायची, चहा मिळेल का. दिसण्यावरून काही ठरत नाही. कुठून आलाय, काय सोसलंय, ते विचारायचं."

रोज सकाळी त्या राउंडला निघायच्या. ओव्हरकोट, कानटोपी, हातात कप, कपावर बशी. प्रत्येक कुंडीपुढे वाकून विचारायच्या, "काय म्हणता?" नाताळच्या आतच एस्कलोनियाने मान टाकली. जानेवारीत लॉरेलची पानं कडेने काळी पडत गेली, जळल्यासारखी. कीथ बघायला आला आणि म्हणाला, पाणी कमी पडलं असेल. तेव्हा आठवडाभर पाऊस थांबला नव्हता. होली रुसून बसलं, ना वाढलं ना मेलं. बीचची पानं वाळून तपकिरी झाली, पण फांदीवरून एक खाली पडेल तर शपथ. वाऱ्यात ती नुसती सळसळत राहायची. बाईंना ते फार आवडलं. "मेलेली पानंसुद्धा ड्यूटीवर आहेत बघा," त्या म्हणाल्या.

हॉथॉर्नचं मात्र मला काहीच कळेना. ती आणली तेव्हाही काटेरी काडी होती आणि फेब्रुवारीतही काटेरी काडीच. मी म्हटलं, बाई, ह्यात बघायचं काय? त्यांनी नखाने साल जराशी खरवडली. आत ओला हिरवा रंग होता. मग त्यांनी मला बोट धरून नेल्यासारखं कुरणापलीकडे माळावर नेलं. वाऱ्याने माझ्या डोळ्यांतून पाणी काढलं. तिथे वर, जिथे गवतसुद्धा जमिनीला चिकटून होतं, तिथे काही झाडं उभी होती. एका बाजूला पार वाकलेली, पण उभी. सगळी हॉथॉर्न, आणि खालच्या अंगाला थोडी ब्लॅकथॉर्नची झुडपं. "ह्यांना कुणी लावलं नाही," बाई म्हणाल्या. "ह्यांना कुणी विचारलंही नाही. तरी आहेत. आता मला सांगा, कीथच्या बहिणीचं ऐकू की ह्यांचं?"

रोपं कुठून घ्यायची ह्यावरही त्यांचा हट्ट. आमच्या घराहून उंचावर वाढलेलीच हवीत. शोधून शोधून एक नर्सरी सापडली, अशा उंचीवर की तिथे माझी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये धापा टाकत पोचली. नर्सरीची मालकीण गालांवर लाली असलेली, गुडघ्यापर्यंत चिखल. बाईंनी तिची उलटतपासणी सुरू केली. पॉलिथिनखाली वाढवलीत का? उघड्यावर किती हिवाळे काढले? खत फार पाजलं का? ती बाई शेवटी हसून म्हणाली, "ही हॉथॉर्न आहेत, लव्ह. ह्यांची मेडिकल हिस्टरी नसते." बाई म्हणाल्या, "सगळ्यांची असते."

तिथे कुंडीत वाढलेली, माझ्या छातीला लागतील अशी देखणी झाडंही होती. मी म्हटलं, ही घेऊ या, दोन वर्षं वाचतील. बाईंनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मी गप्प झालो. उंच झाडाला वारा धरतो आणि गदागदा हलवतो, मुळं धरतच नाहीत, हे मला नंतर कळलं. आम्ही घेतल्या काड्या. माती नसलेल्या, उघड्या मुळांच्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्यांच्या जुड्या, ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या. बहुतेक हॉथॉर्न, थोडं बीच, कोपऱ्यासाठी ब्लॅकथॉर्न. जुड्या मागच्या सीटवर आडव्या ठेवल्या. मी गाडी सुरू केली, रेडिओ लागला.

"बंद करा," बाई म्हणाल्या. "भूल दिलेली आहेत ती."

मी बंद केला. थंडीत झाड झोपलेलं असतं, तेव्हाच त्याला उपटून दुसरीकडे लावायचं, त्याला कळतही नाही, हे त्यांनी मला वाटेत हळू आवाजात समजावून सांगितलं. पुढचा अख्खा रस्ता आम्ही दोघे काड्यांची झोपमोड होऊ नये म्हणून गप्प बसून होतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे, पुण्यात माझे आईवडील लोकांना अभिमानाने सांगतात की मुलगा यूकेमध्ये असतो.

मार्चमधल्या शनिवारी, बर्फमिश्रित पावसात, आम्ही त्या लावल्या. मी फावड्याने चीर पाडायची, त्यांनी मूळ आत सोडायचं आणि टाचेने माती दाबायची. दोन ओळी, एकीच्या झाडासमोर दुसरीतली फट. लावून झालं तेव्हा माझी कंबर कामातून गेली होती, पण मान वर करून बघितलं तर बरं वाटलं. मग बाईंनी खिशातून कात्री काढली आणि हॉथॉर्नच्या सगळ्या काड्या गुडघ्याच्या खाली कापत निघाल्या. मी अक्षरशः मध्ये आडवा गेलो. "बाई, चार हिवाळ्यांतला एक गेला आणि तुम्ही त्यांना आणखी बुटकं करताय?"

"आधी पाय रोवू देत," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा."

आता साड्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण गावात आजही बाईंची ओळख तीच आहे. नव्या रोपांना पहिले दोन हिवाळे वाऱ्यापासून आडोसा लागतो. दुकानात त्यासाठी हिरवी प्लास्टिकची जाळी मिळते. बाईंनी ती बघितली आणि म्हणाल्या, "जन्मभर हॉस्पिटलचे हिरवे पडदे बघितले. माझ्या बागेत नको." मग त्यांनी पलंगाखालची बॅग ओढली. आहेराच्या साड्या. प्रत्येक मराठी घरात असतात तशा. ह्याच्या लग्नात आलेली, त्याच्या मुंजीत आलेली, कुणी नेसत नाही, पुढे कुणाला तरी देऊन टाकायची म्हणून ठेवलेली, बहुतेक सिंथेटिक आणि मोरपंखी, अबोली, शेवाळी अशा रंगांच्या. "चाळीस वर्षं ह्या मला देण्यात आल्या आणि मी देत आले," बाई म्हणाल्या. "आता कुणालाही देणार नाही."

पश्चिमेच्या कडेने खांब ठोकून आम्ही साड्या ताणून बांधल्या. कीथने विचारलं, दिवाळी आहे का. एप्रिल होता. दोन दिवस बाग लग्नमंडपासारखी दिसत होती. तिसऱ्या दिवशी वारा सुटला. सिंथेटिक साडीतून वारा आरपार जात नाही हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. फळ्यांच्या कुंपणाने जे केलं तेच साड्यांनी केलं, फक्त रंगीत. शिडासारख्या फुगल्या, खांब उपटले, खांबांबरोबर काही काड्याही उपटल्या, आणि एक अबोली साडी, जरीच्या काठाची, उडत उडत कुरणात गेली. एका मेंढीच्या पाठीवर पडली, शिंगात अडकली. मेंढी घाबरून पळायला लागली आणि बाकीचा कळप तिच्यामागे. कीथ भिंतीवर कोपर टेकवून उभा होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाई माझ्याकडे वळून गंभीरपणे म्हणाल्या, "ती माझ्या नणंदेने दिली होती."

त्या संध्याकाळी त्यांनी उरलेल्या साड्या एकेक करून तोंडासमोर धरल्या आणि फुंकर मारून बघितली. श्वास पलीकडे माझ्या तळहाताला लागतो का, हे सांगायचं काम माझं. सगळा लागला तर उपयोग नाही, मुळीच लागला नाही तरी उपयोग नाही, अर्धा लागायला हवा. आहेराची एकही पास झाली नाही. मग त्या उठल्या, आपल्या कपाटातून कोटा साड्या घेऊन आल्या. पांढऱ्या, फिक्या निळ्या, चौकटीचौकटीच्या विणीच्या, जाळीसारख्या विरळ. उन्हाळ्यात हॉस्पिटलला नेसून जायच्या त्या. मी फुंकरीखाली हात धरला. बरोबर अर्धा श्वास.

मला वाईट वाटलं. मी म्हटलं, बाई, ह्या नको, ह्या चांगल्या आहेत, आपण ती हिरवी जाळी आणू. त्या साडीच्या काठावरून बोट फिरवत थोडा वेळ बसल्या. "चांगल्या आहेत म्हणूनच," त्या म्हणाल्या आणि शिडी आणायला सांगितलं.

त्या साड्या पुढचे दोन हिवाळे उभ्या राहिल्या. फाटल्या की बाई बाहेर उभ्या राहून जाड दोऱ्याने टाके घालायच्या. वारा त्यांच्यातून चाळला जाऊन यायचा आणि काड्यांपाशी पोचेपर्यंत निम्मा व्हायचा. मला तोपर्यंत लक्षात आलं होतं की अदितीशीही बाई असंच वागतात. ती फोनवर जे बोलायची त्यातलं अर्धं ऐकायच्या, अर्धं जाऊ द्यायच्या. त्यांच्यात वादळ कधी झालं नाही.

पहिला वसंत मात्र फार वाईट गेला. खाली गावात सगळं हिरवं झालं आणि आमच्या काड्या तशाच. मला वाटलं, संपलं. अदितीने व्हिडिओवर बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, ते डेड आहे." बाई रोज खुर्ची काड्यांसमोर ओढून बसायच्या. "शुद्धीवर येताना घाई करायची नाही," एवढंच म्हणायच्या. पण त्यांचा चहा तसाच राहायचा, हे मी बघत होतो. मे महिन्यात एका सकाळी त्यांनी जिन्याखालून मला हाक मारली, आणि हाकेतच मला कळलं. प्रत्येक काडीवर शेवईच्या टोकाएवढे हिरवे ठिपके आले होते. कोपऱ्यातल्या काही गेल्या होत्या, बाईंना त्यांचं दोन दिवस वाईट वाटलं. मग तिथेही ब्लॅकथॉर्न लावलं आणि ते मात्र गुंडासारखं वाढलं.

चौथा हिवाळा संपून मे लागला तेव्हा हेज माझ्या छातीपर्यंत आलं होतं. उभं राहिलं तर वारा तोंडावर यायचाच. साड्यांच्या चिंध्या केव्हाच काढून टाकल्या होत्या. अदिती शनिवारी आली. त्या दिवशीही कीथच्या दोरीवरचे कपडे आडवे उडत होते. सोमवारी तिला फ्लॅटवाल्याला उत्तर द्यायचं होतं, तसं तिने दारातच सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि ट्रे उचलला.

अदिती हेजपाशी जाऊन उभी राहिली. केस तिच्या तोंडावर आले. "आई, हे अजून छोटा आहे," ती म्हणाली. तिला जिंकल्याचा आनंद झाल्यासारखं मला वाटलं नाही, उलट जरा घाबरल्यासारखीच दिसली.

"खाली बस," बाई म्हणाल्या.

ती बसली. वारा डोक्यावरून माळावरचा आवाज करत जात होता आणि खाली, खुर्चीच्या उंचीवर, काही हलत नव्हतं. टेबलावरचा पेपर नॅपकिन जागचा उठला नाही. बाईंनी चहा ओतला. अदितीने फोन काढून फ्लॅटचे फोटो दाखवायला घेतले. किचन नवीन आहे, बाथरूममध्ये धरायला रेल आहे, पार्क जवळ आहे. बाई प्रत्येक फोटो नीट बघत होत्या. "चांगला आहे," त्या प्रामाणिकपणे म्हणाल्या. अदिती शाळेबद्दल बोलू लागली, मुलांबद्दल, नवऱ्याबद्दल, मग आवाज हळू होत गेला आणि एका वाक्याच्या मध्येच, हातात फोन धरून, तिला झोप लागली.

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. बाईंनी हात वर केला. तिच्या हातातला फोन त्यांनी अलगद काढून घेतला आणि आपली खुर्ची अशी सरकवली की ऊन तिच्या डोळ्यांवर येऊ नये. मग नुसत्या बघत बसल्या. ऊन सरकलं की खुर्ची सरकवायच्या.

"जन्मभर दुसऱ्यांना झोपवलं," बऱ्याच वेळाने त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या. "हिला शेजारीण झोपवायची. मी ड्यूटीवरून आले की ही झोपलेलीच असायची. हिला झोप लागताना मी आज बघितलं."

मी बसून राहिलो.

अदिती जागी झाली तेव्हा तिच्या गालावर खुर्चीच्या विणीची नक्षी उमटली होती. ती गोंधळून इकडेतिकडे बघत राहिली, मग हेजकडे, मग आईकडे. "मी झोपली?"

"झोपलीस. चहा गार झाला, दुसरा करते."

"आई," ती म्हणाली. बाई थांबल्या. "फ्लॅटवाल्याला मी नाही सांगते. आणि हाफ टर्मच्या हॉलिडेला मुलांना घेऊन येते. एक वीक. चालेल?"

"न चालायला काय झालं," बाई म्हणाल्या आणि ट्रे घेऊन आत गेल्या.

चहा काही येईना. मी बघायला गेलो. बाई शेगडीपुढे पाठमोऱ्या उभ्या होत्या. पातेलं वर चढवलेलं, गॅस पेटवलेलाच नव्हता. माझी चाहूल लागली तरी त्या वळल्या नाहीत. पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तिला सांगा, कुठे जाऊ नकोस म्हणावं. आलेच मी."